पायाला बांधलेली चिठ्ठी

श्रोतेहो, नमस्कार.

नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय म्हटले, की काचेआड पेंढा भरून उभा केलेला वाघ किंवा पंख पसरलेले गिधाड आपल्या डोळ्यांसमोर येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील प्राण्यांचे दालन आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. आज मला बोलायचे आहे ते मात्र प्रेक्षकांना सहसा न दिसणाऱ्या नमुन्यांविषयी, म्हणजे बंद कपाटांच्या उथळ कप्प्यांत ओळीने ठेवलेल्या पक्ष्यांविषयी आणि त्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्यांविषयी. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पक्षी, कीटक आणि इतर प्राण्यांचे मिळून एक लाखाहून अधिक नमुने आहेत, आणि ते मुंबईत, आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच्या इमारतीत जपलेले आहेत.

अभ्यासासाठी ठेवलेला पक्षी दिसायला साधा असतो. कातडी पिसांसह अलगद सोडवून घेतात, आतून कीडनाशक लावतात, कापूस भरतात आणि पंख अंगाशी मिटून पक्ष्याला उताणा निजवतात. पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, मिसळलेला साबण लावण्याची पद्धत होती, म्हणून जुने नमुने आजही हातमोजे घालूनच हाताळावे लागतात. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा कापूस दिसतो. पायांना दोऱ्याने एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, नर की मादी आणि कोणी मिळवला, एवढेच लिहिलेले असते. ही चिठ्ठी हरवली, की उरते ती केवळ सुंदर पिसांची कातडी. आणि चिठ्ठी खोटी असेल, तर त्याहून मोठे नुकसान होते. ते किती मोठे असते, हे सांगणारी एक कथा आपल्या खानदेशातली आहे.

रानपिंगळा हे लहान घुबड विज्ञानाला माहीत झाले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये केलेल्या वर्णनामुळे. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. हा पक्षी ब्ल्यूइट नावाच्या अधिकाऱ्याने मिळवला होता, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात ब्ल्यूइट यांचे नाव आले. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने शहादा आणि तळोदा भागातून आणखी काही पक्षी गोळा केले. 1884 नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीचा पुरावा मिळेनासा झाला. जगभरातील संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने, एवढीच त्याच्या असण्याची खूण उरली.

त्या सातांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर 1914 हे साल आणि दक्षिण गुजरातेतील मांडवी हे ठिकाण होते, आणि संग्राहक म्हणून कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन यांचे नाव होते. हे गृहस्थ ब्रिटिश सैन्यातील नामांकित अधिकारी आणि पक्षितज्ज्ञ म्हणून मान्यता पावलेले. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनी केलेला शोधसुद्धा या नोंदीमुळे भलत्या ठिकाणी गेला आणि हाती काही लागले नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असे मानण्यापर्यंत गोष्ट गेली.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रांसह केलेल्या त्या तपासणीत उघड झाले, की ही कातडी एकदा भरलेली असून नंतर उसवून पुन्हा भरलेली आहे. प्रत्येक संग्राहकाची कापूस भरण्याची आणि सांधे बसवण्याची स्वतःची धाटणी असते, जसे हस्ताक्षर असते तसे. या कातडीतून डेव्हिडसन यांचे हस्ताक्षर पुसण्याचा प्रयत्न झाला होता, तरीही त्याचे अवशेष आत उरले होते. लंडनच्या संग्रहातील डेव्हिडसन यांचा पक्षी चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली गेली होती. या कृत्याबद्दल मला आजही राग येतो, कारण येथे चोरी एका पक्ष्याची झाली असली तरी फसवणूक पुढच्या प्रत्येक अभ्यासकाची झाली.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर नकाशा स्पष्ट झाला. डेव्हिडसन यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे हाताशी होती. रासमुसेन यांनी जुन्या कातड्या समोर ठेवून खुणा पक्क्या केल्या होत्या. आपल्या गावाकुसाला दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचा माथा मात्र जवळजवळ सपाट तपकिरी असतो. त्याच्या पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे असतात आणि पाय जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शहाद्याजवळच्या डोंगरात आले आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळच्या उन्हात एका झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तब्बल 113 वर्षांनी तो ओळखता आला, याचे कारण ज्यांनी तो जिवंत पाहिला नव्हता त्यांना कप्प्यातल्या कातड्यांनी त्याचा माथा, शेपटी आणि पाय शिकवले होते. पुढे मेळघाट, यावल आणि 2014 मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो सापडला.

जुन्या संग्रहांतून असे अनपेक्षित उत्तर मिळण्याचा हा एकच प्रसंग नाही. इंग्लंडमध्ये बहिरी ससाणे कमी का होत आहेत, हे शोधताना डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातल्या जुन्या अंड्यांची कवचे तपासली आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून कवचे पातळ होत गेल्याचे 1967 मध्ये दाखवून दिले. तो काळ डीडीटी हे कीटकनाशक सर्रास वापरण्याचा होता. ज्यांनी ती अंडी छंद म्हणून गोळा केली, त्यांच्या मनात असा काही उपयोग नव्हता. नवे पक्षी मारून संग्रह वाढवण्याची गरज आता फारशी नाही, असे माझे मत आहे, कारण छायाचित्र, आवाजाची नोंद, गळलेले पीस किंवा रक्ताचा थेंब यांवर पुष्कळ काम होते. पण जे एकदा मारले गेले आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. 26 एप्रिल 2016 च्या पहाटे दिल्लीतील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत जळाले. 2018 च्या सप्टेंबरात रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाचीही तीच गत झाली. तेथे जळालेले कीटक आणि त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिता येण्यासारख्या नाहीत.

आग दुर्मीळ असते. कसर, बुरशी आणि दुर्लक्ष मात्र रोजचे असते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी गेलो होतो. फळीवर बरण्यांची रांग होती. एका बरणीतले द्रव अर्धे उडून गेले होते, साप वरच्या बाजूला सुकून काळा पडला होता, आणि बाहेर चिकटवलेल्या कागदाचा कसरीने फक्त एक कोपरा शिल्लक ठेवला होता. त्यावर एवढेच वाचता येत होते: ‘घाट, जून’. कोणता घाट, कोणत्या वर्षीचा जून, हे सांगणारे तेथे कोणी उरले नव्हते.

शेजारच्या बरणीत मात्र चिठ्ठी आत, द्रवातच बुडवलेली होती. जाड कागद, त्यावर पेन्सिलने लिहिलेले. शाई मद्यार्कात उतरते, पेन्सिल उतरत नाही, हे त्या कोणा जुन्या प्रात्यक्षिक-सहायकाला ठाऊक होते. बरणी उजेडाकडे धरली, तेव्हा बेडकाच्या पोटाशी टेकलेली ती चिठ्ठी मला स्वच्छ वाचता आली: गाव, ओढ्याचे नाव, तारीख आणि खाली दोन आद्याक्षरे. विभागातल्या शिपायांनी जुनी वही काढून दिली आणि ती बरणी आम्ही पहिल्या ओळीवर लिहून घेतली.

नमस्कार.