०.६ सेकंद आणि प्रशिक्षकाची पत

मंडळी, १६ मार्च २०१८ची रात्र, गाव शार्लट. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे ६८ संघ आणि हरला तो घरी. अव्वल मानांकित व्हर्जिनियाची गाठ पडली सोळाव्या, म्हणजे गटातल्या अगदी तळाच्या मानांकित यूएमबीसीशी (मेरीलँडमधलं एक विद्यापीठ). तोवर अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि सगळ्या अव्वल मानांकितांनीच जिंकल्या होत्या. मध्यंतराला २१-२१. संपता संपता ७४-५४, व्हर्जिनियाच्या विरुद्ध. प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्यावर शिक्का बसला: हंगामभर जिंकणार, मार्च आला की ढेपाळणार.

वर्षभरानं हेच बेनेट राष्ट्रीय विजेते. मग वर्षभरात ते शहाणे झाले का? ३० मार्च २०१९ला लुइव्हिलला काय झालं ते बघा. समोर पर्ड्यू. जेमतेम पाच-सहा सेकंद उरलेत, व्हर्जिनिया दोन गुणांनी मागे. टाय जेरोमचा फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाची बिनअडथळा फेक, हुकतो. उसळलेला चेंडू ममादी दियाकिते मागे टोलवतो, तो घरंगळत पार स्वतःच्या अर्ध्यात. संघातला सगळ्यात बुटका किहेई क्लार्क पाठलाग करून तो उचलतो आणि लांबवर दियाकितेकडे फेकतो. दियाकितेचा चेंडू हातातून सुटतो, भोंगा वाजतो, चेंडू जाळीत. ७०-७०, आणि जादा वेळेत विजय. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध पुन्हा तीच तऱ्हा: दोन गुणांनी मागे, ०.६ सेकंद शिल्लक, काइल गायला तीन फ्री थ्रो. तिन्ही आत. त्याच्या जरा आधी जेरोमचा डबल ड्रिबल (चेंडू आपटणं थांबवून पुन्हा आपटणं, हा नियमभंग) पंचांच्या नजरेतून सुटला होता, हे ऑबर्नवाले आजही विसरलेले नाहीत.

यातला कुठला फटका बेनेट यांनी मारला?

साधा हिशेब करू. तुमचा संघ इतका तगडा की प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ८० टक्के. विजेतेपदाला सलग सहा जिंकायचे. शक्यता उरते २६ टक्के. म्हणजे दर चार वर्षांतली तीन वर्षं लोक तुम्हाला नालायक म्हणणार.

पण सगळं नशिबावर ढकलून मोकळं होणंही मला पटत नाही. बेनेट यांचा संघ देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एक होता. बचावाची पॅक लाइन पद्धत, म्हणजे बास्केटजवळ दाटी करून वाट अडवणं, त्यांच्या वडिलांची, डिक बेनेट यांची. खेळ संथ, की दोघांच्याही वाट्याला चाली, म्हणजे चेंडू घेऊन हल्ला करायच्या संधी, कमी. चाली कमी, की दुबळ्या संघाला चांगला दिवस पुरतो. दोनशे चालींत वरचढ संघ वर येतोच, शंभरात तितकी खात्री नसते. ही निवड प्रशिक्षकाची, तिचा जाब विचारायलाच हवा. मिशिगन स्टेटच्या टॉम इझो यांनी २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी बेनेटना घरी धाडलं. दुसऱ्यांदा तर सातव्या मानांकनावरून, आणि तिथून थेट अंतिम चारांत. असं काही दिसलं की मी नशीब हा शब्द जपून वापरतो.

डीन स्मिथ यांचं काय? सातव्यांदा अंतिम चारांत पोचल्यावर, १९८२मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाचे हे गुरुजी पहिल्यांदा जिंकले. मायकल जॉर्डनचा फटका सगळ्यांना आठवतो. त्यानंतर जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउननं चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या, जेम्स वर्दीच्या हातात दिला, ते कमी जणांना. १९९३मध्ये दुसरं विजेतेपद, त्याच न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. मिशिगनच्या ख्रिस वेबरनं टाइमआउट मागितला आणि त्यांच्याकडे एकही उरला नव्हता; हा नियमभंग, त्यामुळे फ्री थ्रो आणि चेंडू दोन्ही नॉर्थ कॅरोलायनाला. ते दोन घोटाळे झाले नसते तर? अकरा वेळा अंतिम चारांत नेणारा माणूस कदाचित रिकाम्या हाताचा ठरला असता. मी स्मिथना मोजतो ते या अकरावर, दोनावर नाही.

आणि पर्ड्यूचे मॅट पेंटर, ज्यांच्या नाकासमोर दियाकितेचा तो चेंडू जाळीत गेला? २०२३मध्ये सोळाव्या मानांकिताकडून हरणारा दुसरा अव्वल संघ त्यांचाच. पुढच्याच वर्षी ते अंतिम सामन्यात होते. बेनेटना मात्र २०१९नंतर या स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही.