देसाईगंजचं ठाणं

(दृश्य: वडसा रेल्वे स्थानक, बाजाराचा रस्ता, धानाची शेतं)

26 मार्च 1972. देसाईगंज, म्हणजेच वडसा. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात येतं. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालाच नव्हता, हा सगळा मुलूख चंद्रपूरचा होता. त्या दिवशी मजुरी करून पोट भरणारा एक भाऊ पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेला. आईबाप लहानपणीच गेलेले, मागे तो आणि त्याची बहीण. बहीण ज्या घरी कामाला जायची, तिथल्या एका मुलाशी तिचं जुळलं होतं, लग्नाचं ठरत होतं. भावाला ते मान्य नव्हतं. आपल्या बहिणीला पळवून नेलंय, असं त्यानं तक्रारीत सांगितलं.

तो भाऊ पोलिसांकडे भरवशानं गेला होता, हे आधी लक्षात घेऊ. घरातला तंटा मिटवायला खाकी वर्दीतला माणूस मदत करेल, असं त्याला वाटलं. गरीब आदिवासी घरातला मजूर ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा त्याच्यापाशी त्या भरवशाशिवाय दुसरं काही नसतं.

मुलीचं वय 14 ते 16 च्या दरम्यान. पुढे हा खटला तिच्याच नावानं देशभर ओळखला गेला. आम्ही ते नाव घेणार नाही. का, ते पुढे येईल.

(दृश्य: रात्र, ठाण्याबाहेरचा एक दिवा)

रात्री नऊच्या सुमाराला सगळ्यांना ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाले. साडेदहा वाजत आले, तसे जबाब घेणारे हेड कॉन्स्टेबल घरी निघाले. बाकीच्यांनाही जायला सांगण्यात आलं. मुलीला मात्र मागे थांबवलं. ठाण्यात आता दोन पोलीस होते. त्यांतल्या एकानं इमारतीच्या मागच्या संडासाकडे नेऊन आपल्यावर बलात्कार केला आणि दारू प्यायलेल्या दुसऱ्यानं अंगाशी झोंबाझोंबी केली, असं तिनं त्याच रात्री सांगितलं.

घरची माणसं बाहेर ताटकळत होती. आतले दिवे गेलेले, दार लावलेलं. त्यांनी हाका मारल्या, आरडाओरड केली, बघता बघता गर्दी जमली. घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलना परत बोलावून आणलं आणि मग तक्रार लिहिली गेली. ती गर्दी तिथे उभी राहिली नसती, तर त्या रात्रीची एक ओळही कागदावर आली नसती, असं मला ठामपणे वाटतं. ठाण्यात घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद त्याच ठाण्यात द्यायची होती.

(दृश्य: चंद्रपूर, नागपूर आणि दिल्लीच्या न्यायालयांच्या इमारती)

खटला उभा राहिला. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. न्यायाधीशांनी मुलीलाच खोटारडी ठरवलं. तिला शरीरसंबंधांची सवय होती, तेव्हा जे घडलं ते तिच्या राजीखुशीनं घडलं असावं, असा त्यांचा तर्क.

1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. खंडपीठाचं म्हणणं साधं होतं. दोघे पोलीस तिला पूर्णपणे अनोळखी. भावानं तक्रार केलेली, डोक्यावर जबाबाचं ओझं, अशा वेळी ही मुलगी आपणहून त्यांच्याकडे जाईल, हे संभवतच नाही. धाकापोटी गप्प राहणं म्हणजे राजी असणं नव्हे. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

आणि 15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. कारण काय? मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही. खूण नाही म्हणजे झटापट झाली नाही, झटापट नाही म्हणजे घडलं ते शांतपणे घडलं. निकालपत्रात या अर्थाचेच शब्द आहेत.

रात्रीची वेळ. सरकारी इमारत. दार बंद. समोर वर्दी. तिथे एका पोरसवदा मुलीनं हाणामारी करायला हवी होती, अंगावर ओरखडे घेऊन बाहेर यायला हवं होतं, तर तिचं खरं! देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानं हे लिहिलं, आणि कित्येक महिने त्यावर कोणी फारसं बोललंही नाही.

(दृश्य: टाइपरायटरवर उमटणारी अक्षरं)

1979 च्या सप्टेंबरमध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्या वेळी सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. पत्रात आदर होता, पण भीडभाड नव्हती. संमती वेगळी आणि शरण जाणं वेगळं, हा फरक न्यायालयाला दिसला कसा नाही, असं त्यांनी विचारलं. आणखी एक प्रश्न होता, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. या मुलीला मुळात ठाण्यात बोलावलं कशाला? तिला तिथे थांबवून घेतलं, त्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्दही का नाही? 1978 च्या त्या निकालाच्या अवघे पाच महिने आधी याच न्यायालयानं ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात बाईला ठाण्यावर बोलावण्यावरून पोलिसांना खडसावलं होतं. तो नियम एका माजी मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत आठवला आणि वडशाच्या मजूर मुलीच्या बाबतीत आठवला नाही.

पत्र हातोहात फिरलं. मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप ही संघटना उभी राहिली. 8 मार्च 1980 ला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या. खटला पुन्हा चालवा, ही मागणी होती. ती मान्य झाली नाही. दोघे सुटले ते सुटलेच.

कायदा मात्र हलला. 1983 मध्ये दुरुस्ती झाली. पोलिसाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवर बलात्कार झाला, तर किमान दहा वर्षांची शिक्षा. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं तिनं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयानं धरून चालायचं. आणि पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा. तिचं नाव तोवर देशभर छापून झालं होतं. आम्ही ते घेत नाही, ते यासाठी.

जखमेच्या खुणेचं उत्तर यायला आणखी 30 वर्षं लागली. 2013 च्या दुरुस्तीत संसदेनं लिहिलं, की अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असं मानता येणार नाही. म्हणजे 1978 च्या निकालाला 35 वर्षांनी उत्तर मिळालं. त्याच दुरुस्तीनं, ज्यांना ठाण्यात बोलावायला कायद्यानं मनाई आहे त्यांना बोलावणारा पोलीस शिक्षेला पात्र झाला, आणि बलात्काराची फिर्याद लिहून न घेणाराही.

(दृश्य: आजचं एक पोलीस ठाणं, भिंतीवरचा कॅमेरा)

डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचा आदेश दिला. कॅमेरे कुठे हवेत, याची यादीच त्यात आहे. कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि येण्याजाण्याची दारं तर आहेतच. त्याच यादीत संडासाच्या बाहेरची जागा आणि ठाण्याची मागची बाजूही आहे. वडशाची कहाणी ठाऊक असलेल्याला हे दोन शब्द नुसते वाचून पुढे जाता येत नाही.

कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर आहे. चित्रण किमान वर्षभर जपायचं आहे. तरी सप्टेंबर 2025 मध्ये, ठाण्यांत चालू कॅमेरे नसल्याच्या आणि कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून, न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

त्या आदेशात आणखी एक तरतूद आहे. या ठाण्यात कॅमेरे आहेत, आणि इथे कोणावर अन्याय झाला तर मानवी हक्क आयोगाकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते, असा मोठा फलक ठाण्याच्या दाराशी, स्थानिक भाषेतही, लावला पाहिजे. आपल्याकडे म्हणजे मराठीत. कधी ठाण्यात जायची वेळ आली, तर तो फलक शोधा. दिसला नाही, तर कुठे आहे ते विचारा.