गाळ उपसण्याआधी

(नागपुरातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ची. त्यामुळे विदर्भाच्या पावसाबद्दल आपण आकड्यांत बोलतो, तेव्हा आपली पोहोच साधारण दीडशे वर्षांची असते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ त्यात येतात. पण असे दुष्काळ या मुलखाला नवे होते, की यापेक्षा मोठे येऊन गेले होते? एवढ्या तोकड्या नोंदींतून ते सांगता येत नाही. त्यासाठी तळ्याच्या तळाशी जावं लागतं, तिथल्या गाळात अडकलेल्या जुन्या परागकणांपर्यंत. मी आज तिथलंच बोलणार आहे. शेवटी एक मागणीही करणार आहे, कारण आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतला हा पुरावा सध्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर जातो आहे.

फुलातून निघालेले बहुतेक परागकण दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतच नाहीत. ते जमिनीवर पडतात, पाण्यावर पडतात, बुडतात. आतला जिवंत भाग कुजून जातो. बाहेरचं कवच मात्र स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि त्याच्याइतका चिवट सेंद्रिय पदार्थ निसर्गात क्वचितच सापडतो. चिखल ओला राहिला आणि त्यात हवा शिरली नाही, तर हे कवच हजारो काय, लाखो वर्षं टिकतं. वेगवेगळ्या वनस्पतींच्या कवचावरची नक्षी वेगळी, छिद्रं वेगळी. त्यावरून निदान कूळ तरी ओळखता येतं, आणि त्यातून तेव्हा इथे काय उगवत होतं, पाऊस कसा होता, याचा अंदाज बांधता येतो.

प्रयोगशाळेत काय करतो ते सांगते. चमचाभर गाळ घ्यायचा. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यात चुनखडीचा अंश असेल तर तो फसफसून निघून जातो. मग पोटॅशच्या द्रावणात गरम करायचा, म्हणजे कुजलेल्या पानापाचोळ्याचा काळा रंग सुटतो. नंतर हायड्रोफ्लोरिक आम्ल, वाळूसाठी. हे आम्ल काच खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची, आणि काम करणाऱ्याने अतिशय जपून राहायचं. शेवटी अॅसेटिक अॅनहायड्राइडचे नऊ भाग आणि गंधकाम्लाचा एक भाग. एवढ्या सगळ्यातून जे वाचतं, त्यात परागकण असतात. ग्लिसरीनच्या थेंबात ते काचेवर घ्यायचे, चारशेपट मोठे करून पाहायचे आणि मोजायचे. एका थरातले दोन-तीनशे कण मोजून झाले की पुढच्या थराकडे. गवताचा कण गोल, गुळगुळीत, एकच छिद्र असलेला. चाकवत-राजगिऱ्याच्या कुळातला कण गोल्फच्या चेंडूसारखा, अंगभर छिद्रं असलेला. चीडाच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो दूर हिमालयातून उडत मध्य भारतातल्या गाळापर्यंत येतो. स्लाइडमध्ये तो दिसला म्हणून इथे चीडाचं जंगल होतं असं म्हणायचं नाही!

स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली एका व्याख्यानात थरांनुसार परागकणांचं प्रमाण दाखवणारे आलेख मांडले. हे शास्त्र आजही त्याच वाटेने चालतं. पण युरोपातली गणितं आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाहीत. तिथली बरीचशी झाडं वाऱ्यावर पराग सोडतात. आपल्या सागाचं काम कीटक करतात. भर सागाच्या जंगलातून आजची माती उचलली, तरी तिच्यात सागाचे कण फार थोडे निघतात. म्हणजे गाळात साग दिसला नाही याचा अर्थ साग नव्हता, असा होत नाही. म्हणून आधी आजच्या जंगलातली माती आणि शेवाळ तपासून कोणतं झाड किती पराग मागे ठेवतं ते पाहावं लागतं. माझ्या मते विदर्भात सगळ्यात जास्त मेहनत याच कामावर व्हायला हवी, आणि ते कंटाळवाणं म्हणून मागे राहतं.

आता लोणार. बुलढाण्याचं हे विवर उल्कापाताने झालं हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाहेर जाणारी नदी नाही, त्यामुळे आलेला गाळ आतच राहतो. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा, म्हणजे नळी खाली दाबून काढलेला गाळाचा सलग उभा नमुना, काढला. त्यात जवळपास अकरा हजार वर्षं आहेत. २०१४ साली त्यांनी जे मांडलं, त्यात दीर्घ कोरडे असे दोन टप्पे ठळक आहेत: एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक आहेत. पाणी आटून फार खारट झाल्याशिवाय ते तयार होत नाहीत. त्याच सरोवरातले परागकण सांगतात की सुरुवातीच्या ओलसर काळातलं जंगल पाऊस मंदावत गेला तसं विरळ होत गेलं आणि गवताळ, काटेरी माळरान वाढलं. पहिल्या टप्प्यातच मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाने नोंदवलेला कोरडा काळ येतो. २०१८ मध्ये सध्याच्या भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं ते त्यावरूनच. दुसरा टप्पा मला जास्त अस्वस्थ करतो. लोणारची यादवकालीन देवळं त्याच टप्प्यात उभी राहिली. माणसं त्या पावसात जगत होती, बांधत होती. कशी, हे आपण अजून नीट विचारलेलं नाही.

इथे एक सावधगिरी हवी. झाडांचे पराग कमी झाले की लगेच दुष्काळ म्हणू नये. कुऱ्हाडही असू शकते. म्हणून त्याच थरातला कोळसा, धान्याचे मोठे कण, खनिजं हे सगळं शेजारी ठेवून पाहावं लागतं.

नागपूरच्या मातीत याहून फार जुनाही काळ आहे. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ साली नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर लेख लिहिला. पुढे वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानींनी जवळच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरच्या दगडांतून अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचा जीवाश्म वर्णन केला. लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात तिथे गोड्या पाण्याची डबकी होती, हे त्यावरून कळलं. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

मला आज बोलायचं आहे ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मालगुजारी तलावांबद्दल. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव काही शतकं गाळ साठवत आले आहेत. लोणार हजारो वर्षांचं सांगतं, पण गेल्या दोन-तीनशे वर्षांचं गावागावाचं बारीक चित्र या तलावांत मिळू शकतं. ऐन आणि मोह कधी कमी झाले, मका कधी आला, वरच्या थरात गाजरगवत आणि काठावरचं बेशरम कधी दिसू लागलं. गाजरगवत पुण्यात १९५०च्या दशकात नोंदवलं गेलं, त्यामुळे त्याचा कण सापडला की तो थर फार जुना नाही हे कळतं. अलीकडच्या शंभर-दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे मोजून वय काढता येतं, त्याहून जुन्या थरांसाठी किरणोत्सारी कार्बन-१४ आहेच.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ची योजना चांगली आहे. तलावात पाणी वाढतं, शेताला सुपीक माती मिळते. मी तिच्या विरोधात नाही. पण पोकलेन उतरण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या एकदोन जुन्या तलावांत तेवढा एक गाभा काढून घ्या. जागा निवडताना गावातल्या जाणत्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, विचारा की मे महिन्यातही चिखल कुठे ओला राहतो. दर उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या भागात हवा शिरते आणि पराग खराब होतात. तिथे खणून उपयोग नाही. पीव्हीसीची जाड नळी सरळ खाली दाबा, वर ओढल्यावर दोन्ही तोंडं लगेच बंद करा. वरचं टोक कोणतं ते पक्क्या शाईने लिहा, जागा आणि तारीख लिहा. नळी उन्हात ठेवू नका. भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या कॉलेजला त्याच दिवशी फोन करा. आणि शक्य असेल तर त्या ओल्या जागेभोवती खोलीएवढा भाग उपसायचा सोडून द्या, म्हणजे पुढे आणखी चांगली पद्धत निघाली तर कुणाला तरी पुन्हा तिथे उतरता येईल.