विंचरणेचं पाणी अन् बीडची पळणारी पोरं

जरा आवाज ऐका. धबधबा अजून दिसत नाहीये, पण पायाखालचा दगड हादरल्यासारखा वाटतोय.

हे सौताडा. तालुका पाटोदा, जिल्हा बीड. विंचरणा नदी वर पठारावर एकदम निवांत असती हो, आणि इथं काळ्या कातळाचा काठ संपला की सरळ दरीत उडी घेती, खाली रामेश्वराचं देऊळ, तिथपर्यंत पायऱ्या उतरताना तुषारांनी अंग भिजून जातं. उन्हाळ्यात याल तर नुसता तापलेला दगड दिसंल. पाऊस झाला की मात्र महिनोन्महिने गप बसलेली नदी अशी सुटते की बघणाऱ्याच्याच अंगात काहीतरी शिरतं. माझ्या तरी शिरतं, दरवेळी.

आणि इथं उभं राहिलं की मला हमखास अविनाश साबळे आठवतो. तोही याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडीची सोय नाही, मग पळतच जायचं. पुढं सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात ड्युटी केली, आणि मग स्टीपलचेस धरली. ३००० मीटरची ही शर्यत, त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. अडथळा म्हणजे ९१ सेंटिमीटर उंचीचा जाड ओंडकाच म्हणा, पाय अडकला तर तो पडत नाही, माणूसच पडतो! २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये तो ८ मिनिटं ११.२० सेकंदात पळाला, रौप्य मिळालं, आणि सोनं फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं, दोन केनियन गड्यांच्या मधे आपला बीडचा पोरगा. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघतात तिथला पोरगा पाण्याच्या खड्ड्यावरनं उड्या मारत जगात गेला, हे मी कितीदा सांगितलं तरी मला पुरत नाही.

आज पहाटे इकडं येताना रस्त्यात पोलीस भरतीची पोरं-पोरी दिसली. रिमझिम चालू, डांबरी रस्ता ओला, एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. पोरांचे १६०० मीटर, पोरींचे ८००. एक पोरगी शेवटून दुसरी आली, गुडघ्यावर हात टेकून दम खाल्ला, चिखलानं भरलेला बूट काढून झटकला, परत घातला.

"दादा, अजून एकदा लाव ना टाइम."

अन् सुटली.