रंगाचे डबे आणि केडगावचे खिळे

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका बालगृहात गेले होते. जेवणघराच्या भिंतीचा एक पोपडा सुटला होता. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा, त्याच्याही खाली गुलाबी रंग. तिथल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "दर हिवाळ्यात परदेशातल्या चर्चची पोरं येतात ना, ताई. आठ दिवस राहतात, भिंत रंगवतात, मुलांना गाणी शिकवतात. जाताना फार रडतात हो." मागच्या संडासाचं दार मात्र मोडून दोरीनं बांधलेलं. त्याचं काय, म्हटलं. "त्याला सुतार लागतो," मावशी म्हणाल्या.

त्या पोरांची टिंगल मला करायची नाही. पदरचे पैसे घालून, श्रद्धेनं येतात बिचारी. पण या येण्याजाण्याचं पुढे काय होतं, ते कंबोडियात दिसलं. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली आणि त्यातल्या चार मुलांमागे तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. युनिसेफनं हे पुढे आणलं. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलंही आणली जातात. अनाथ नसलेल्या मुलांची अनाथालयं!

आता पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला येऊ. इथेही सातासमुद्रापलीकडून ख्रिस्ती माणसं एका बालगृहात राबायला आली होती. पण घर चालवत होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः विधवांसाठी शाळा. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा. मदत दहा वर्षांची, आणि शाळेत कुठल्याच धर्माची शिकवण द्यायची नाही, ही अट. पुढे सदन पुण्यात आलं. तिथे मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली रान उठलं, 'केसरी'नं झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराचा हा प्रश्न खोटा नव्हता, आणि रमाबाईंवर प्रेम आहे म्हणून मी तो गुंडाळून ठेवणार नाही. केडगावात तर पुढे उघडउघड ख्रिस्ती शिकवण होती.

केडगावची शंभरेक एकर जमीन घेतली होती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, दर वेळी परक्यापुढे हात पसरायला लागू नये, हा हिशेब. तेवढ्यात १८९६-९७चा दुष्काळ आला. आईवडील दुष्काळाच्या वणवणीतच गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या माणसांना तिथे ठेवणार कुठे? म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर केडगावच्या या घरात, म्हणजे मुक्ती सदनात, दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. दोन हजारांना रोज भाकरी करायची म्हणजे पहाटे किती जाती फिरत असतील!

मिनी अब्राम्स आल्या त्या अशा घरात. मूळच्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी. केडगावला येण्याआधी त्यांनी मुंबईत दहा वर्षं काढली होती, मराठी शिकल्या होत्या. हे मला मोठं वाटतं. भाषा न येणाऱ्या माणसाला लहान मूल आपलं पोट दुखतं हेसुद्धा सांगू शकत नाही. आणि अब्राम्सबाई आल्या त्या रमाबाईंच्या हाताखाली. रमाबाई १८९८ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा मागे कारभार पाहिला तो त्यांच्या सहकारी सुंदरबाई पवारांनी, अब्राम्सबाई मदतीला. गोऱ्या बाईनं मराठी बाईच्या हाताखाली राबायचं, हे त्या काळात जरा डोळ्यांपुढे आणून पाहा.

रमाबाईंची कन्या मनोरमा शिकायला अमेरिकेत होती. तिथून ती ब्रेल शिकून आली आणि केडगावच्या अंध मुलींना शिकवू लागली. बाहेरून आणावं ते असं. एका मुलीचं बोट टिंबांवरून फिरायला लागलं की ती शेजारचीला दाखवते; ब्रेल आणणारी गावाला गेली तरी वाचन थांबत नाही.

बाकी मुली हातमाग चालवत, तेलघाणा सांभाळत, गोठा बघत. आणि छापखाना! देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. काना-मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा; आणि अक्षर खिळ्यावर उलटं. 'क्ष' कुठल्या खणात हे बोटांना पाठ असावं लागतं. दुष्काळातून आलेल्या, कधी पाटीही हाती न धरलेल्या मुली हे शिकल्या.

रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. भाषांतर तोवर पुरं झालं होतं, छपाई राहिली होती. ती केडगावातच झाली, १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. खिळे मुलींनीच जुळवले.

नमस्कार.