सर्जनशीलतेला वेळापत्रकात जागा

ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ केन रॉबिन्सन हे नाव आपल्याकडे बहुतेकांना शाळा आणि सर्जनशीलता यांवरच्या २००६ सालच्या त्यांच्या टेड व्याख्यानामुळे ठाऊक आहे. ते व्याख्यान गाजले, आणि गाजावे असेच होते. पण त्यामुळे त्यांची ओळख प्रभावी वक्ता एवढ्यापुरतीच उरली, याची मला खंत वाटते. त्याआधीची कितीतरी वर्षे ते इंग्लंडमधल्या शाळांत कला कशी शिकवली जाते, कुठे मागे पडते आणि त्याला शासनाचे कोणते निर्णय कारणीभूत ठरतात, याचा अभ्यास करत होते. १९८५ ते १९८९ या काळात शालेय कलाशिक्षणाच्या एका मोठ्या प्रकल्पाचे त्यांनी संचालन केले, पुढे ते वॉरिक विद्यापीठात कलाशिक्षणाचे प्राध्यापक झाले, आणि १९९८ साली ब्रिटिश सरकारने सर्जनशील आणि सांस्कृतिक शिक्षणाविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या समितीचा ‘ऑल अवर फ्युचर्स’ हा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला.

या अहवालाने सर्जनशीलतेची चार अंगे सांगितली: कल्पकता, हेतू, नावीन्य आणि मूल्य. आपल्या चर्चांमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या अंगाचा गजर होतो, चौथ्याचा क्वचितच. मूल्य आले की पारख आली; केलेले तपासणे, खोडणे, पुन्हा करणे आले. नावीन्याविषयीही अहवालाची भूमिका उदार आहे. जगात आजवर कोणीच केले नाही तेच नवे, असे तो मानत नाही. मुलाच्या स्वतःच्या आधीच्या कामाच्या तुलनेत जे नवे, तेही नवेच.

चित्रकलेच्या तासाला वस्तुचित्रासाठी टेबलावर तांब्या ठेवलेला असतो. मुले तोंडाचा लंबगोल काढतात, पण बूड मात्र सरळ रेघ मारून संपवतात, कारण तांब्या सपाट जागेवर बसला आहे हे त्यांना माहीत असते. चांगला शिक्षक ती रेघ स्वतः खोडत नाही. तो मुलाला खाली वाकून तांब्याचे तोंड डोळ्यांच्या रेषेत आणायला सांगतो, मग हळूहळू उभे राहायला सांगतो. लंबगोल मिटतो आणि पुन्हा उघडतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, आणि बुडाची रेघ ते आपणहून वळवते. माहीत असलेले आणि दिसणारे यांतला फरक त्याला उमगलेला असतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एवढे एकच घडले तरी पुष्कळ झाले; मात्र ती तासिका व्हायला हवी.

इंग्लंडमध्ये अडले ते नेमके इथे. समिती काम करत होती त्याच सुमारास तिथल्या प्राथमिक शाळांत भाषेसाठी आणि गणितासाठी रोजचा वेळ राखून ठेवला जात होता, तर कलाविषयांचा सविस्तर अभ्यासक्रम पाळण्याच्या बंधनातून शाळांना सूट मिळाली होती. अहवालाचे कौतुक झाले, पण तास वाढले नाहीत. २००२ साली कलावंतांना शाळांशी जोडणारा एक कार्यक्रम सुरू झाला, अनेक ठिकाणी रुजलाही. २०११ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. शाळांची कामगिरी मोजण्याचा जो नवा निकष साधारण त्याच वेळी आला, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि एक अन्य भाषा होती, कला नव्हती. जे मोजले जाते त्यालाच मुख्याध्यापक तास देतात, आणि यात मी त्यांना दोष देत नाही.

आपले २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कठोर भिंती नकोत असे म्हणते. मला हे वाक्य मनापासून आवडते. म्हणूनच कुठल्याही शाळेत गेल्यावर मी आधी भिंतीवरचे वेळापत्रक पाहतो: कलेच्या तासिका किती आहेत, त्यांच्यापुढे कलाशिक्षकाचे नाव आहे की रिकामी जागा, आणि सहामाही जवळ आली की त्या गणिताला दिल्या जातात का.