मॅकबेथ: टोचणी आधी, खून नंतर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय शेक्सपिअरच्या मॅकबेथबद्दल. पूर्ण कथा काही मी सांगत बसणार नाही, कारण बऱ्याच जणांना ती माहितीय, कुणाला कॉलेजात अभ्यासाला होती, कुणी शिरवाडकरांनी केलेलं त्याचं मराठी रूपांतर, राजमुकुट, वाचलं असेल, आणि अगदीच काही वाचलेलं नसलं तरी तीन चेटकिणी, म्हाताऱ्या राजाचा खून आणि हातावरचा न जाणारा रक्ताचा डाग एवढं तर ऐकूनही ठाऊक असतं. मला एकच गोष्ट सांगायचीय. आपण धरून चालतो की माणूस आधी पाप करतो आणि मग त्याचं मन त्याला खायला लागतं. मॅकबेथमध्ये तसं नाहीये. तिथे टोचणी आधी येते, मॅकबेथ नावाचा हा सरदार ती नीट ऐकून घेतो, त्याला सगळं कळतं, आणि तरीही तो सुरा घेऊन झोपलेल्या राजाच्या खोलीत जातो.

थोडं मागचं सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. नाटक साधारण 1606 चं. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जेम्स राजा, मूळचा स्कॉटलंडचा, 1603 मध्ये लंडनला आला आणि शेक्सपिअरची नाटक कंपनी त्याने आपल्या आश्रयाखाली घेतली. 1605 मध्ये याच राजाला पार्लमेंटसकट दारूगोळ्याने उडवून द्यायचा कट पकडला गेला होता, म्हणजे राजाचा खून हा विषय लोकांच्या डोक्यात अगदी ताजा होता. कथा शेक्सपिअरने घेतली हॉलिनशेड नावाच्या इतिहासकाराच्या बखरीतून. आता गंमत बघा, खरा मॅकबेथ 1040 ते 1057 स्कॉटलंडचा राजा होता, खरा डंकन, म्हणजे नाटकात ज्याचा खून होतो तो राजा, लढाईत मारला गेला, आणि बखरीतला डंकन तर तरुण आणि जरा कच्चाच राजा आहे, शिवाय त्या बखरीत मॅकबेथ गादीवर आल्यावर बरीच वर्षं राज्य चांगलं चालवतो. शेक्सपिअरने हे सगळं बदलून टाकलं. डंकनला म्हातारा केला, मायाळू केला, मॅकबेथच्या घरी पाहुणा म्हणून आणला आणि झोपेत मारला. हा झोपेतल्या पाहुण्याचा खून त्याने त्याच बखरीतल्या दुसऱ्याच एका राजाच्या गोष्टीतून उचललाय. म्हणजे मॅकबेथकडे सांगायला एकही सबब राहू नये याची त्याने स्वतः बसून काळजी घेतलीय. मला हे फार मोठं वाटतं, कारण एखादा नाटककार आपल्या नायकासाठी निदान एक तरी पळवाट ठेवतोच ना, इथे सगळ्या बंद.

बरं, विश्वासघात. त्याचा एक प्रसंग सुरुवातीलाच आहे, अगदी लहान, पटकन निसटून जातो. कॉडॉरचा सरदार राजाशी फितूर झाला म्हणून त्याला मृत्युदंड दिलाय आणि त्याची सरदारकी मॅकबेथला मिळालीय. राजा डंकन हळहळतो, म्हणतो की चेहऱ्यावरून माणसाचं मन ओळखायची काही विद्या नाही, त्या माणसावर मी पूर्ण भरवसा टाकला होता. हे वाक्य त्याच्या तोंडून पुरतं होतंय तोच मॅकबेथ आत येतो आणि राजा लगेच त्याच्याकडे वळून त्याचे आभार मानायला लागतो, तुझं ऋण माझ्याने फिटणार नाही म्हणतो. तोच राजा, तोच भरवसा, माणूस फक्त दुसरा.

आणि मग ती रात्र. राजा जेवायला बसलाय, आणि घरचा यजमान जेवण सोडून बाहेर येऊन उभा राहतो आणि स्वतःशी हिशोब मांडतो. मी याचा नातेवाईक, मी याचा सरदार, आणि आज मी याचा यजमान, मारेकऱ्याला दार बंद करायचं काम माझं, सुरा मीच उचलायचा? आणि राजा इतका सालस, त्याचे गुण देवदूतांसारखे आक्रोश करतील. मग म्हणतो माझ्याकडे कारण असं एकच आहे, महत्त्वाकांक्षा, घोड्यावर उडी मारून बसायला जावं आणि पलीकडे जाऊन पडावं अशी. आता मला सांगा, याच्याहून स्पष्ट कुणी काय समजावणार त्याला? चेटकिणींनी फसवलं, बायकोने भरीला घातलं असं आपण म्हणतो, पण चेटकिणींनी फक्त तू राजा होशील म्हटलं होतं, खून कर असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. बायकोला तो येऊन सांगतो की हे प्रकरण इथेच थांबवू. ती त्याला भित्रा म्हणते, शपथेची आठवण करून देते, दूध पिणाऱ्या माझ्या बाळाचंसुद्धा डोकं आपटलं असतं मी, असलं काहीतरी अंगावर काटा आणणारं बोलते, आणि यावर तो काय विचारतो तर, आपण फसलो तर? म्हणजे एका मिनिटापूर्वी प्रश्न होता हे करावं का, आता प्रश्न झाला हे जमेल का. माझ्या मते खून तिथेच झाला. पुढे जे झालं ते फक्त हाताने.

खून रंगमंचावर दिसत नाही हे लक्षात ठेवा. सगळं कानावर येतं, म्हणून रेडिओवर या प्रवेशाबद्दल बोलायला मला फार आवडतं. घुबड ओरडतं, रातकिडे किरकिरतात, आणि ती दोघं अंधारात एकेका शब्दात बोलतात. तू काही बोललास का? कधी? आत्ता. मी खाली उतरताना? हो. बस, एवढंच. तो सांगतो की तिथे कुणीतरी झोपेतून जागं होऊन देवाचं नाव घेतलं आणि माझ्या तोंडून आमेन निघेना, मला तर त्याची जास्त गरज होती तरी निघेना. आणि एक आवाज ऐकू आला म्हणे, आता झोपू नका, मॅकबेथने झोपेलाच मारलंय. सुरे तिथे ठेवून यायचे तर हा हातातच घेऊन आलाय, परत जायची त्याची छाती होत नाही, मग ती जाते. तिने आधी एक वाक्य बोललेलं असतं, तो झोपेत माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. इतकी कठोर बाई आणि तिच्यात हे एवढंसं मऊ राहिलेलंच होतं. परत येते, हात तिचेही लाल, आणि म्हणते, थोडं पाणी घेतलं की सगळं धुऊन जाईल. तेवढ्यात दारावर ठोठावणं सुरू होतं.

आता इथून पुढे जे होतं ते मला सगळ्यात जास्त लागतं, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. हे दोघं एकमेकांना हरवून बसतात. नाटकाच्या सुरुवातीला त्याने तिला पत्र पाठवलेलं असतं, त्यात तो तिला आपल्या मोठेपणाची लाडकी भागीदार म्हणतो, एकमेकांपासून काही लपवायची सवयच नाही त्यांना. आणि खुनानंतर? बँको त्याचा जुना मित्र, लढाईत बरोबर लढलेला, त्याला मारायला मॅकबेथ माणसं पाठवतो आणि बायकोला पत्ताच नाही. ती विचारते, काय करणार आहेस? तो म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं, राणी, झाल्यावर शाबासकी दे. मेजवानीत त्याला बँकोचं भूत दिसतं, रक्ताळलेलं, त्याच्याच खुर्चीवर बसलेलं, आणि ती बिचारी पाहुण्यांना सांभाळत राहते की यांना लहानपणापासून असं होतं, बसा, जेवा. सगळे गेल्यावर ती त्याला एका शब्दाने दोष देत नाही. एवढंच म्हणते की तुला झोप हवीय. यानंतर ती दोघं एकत्र आपल्याला दिसतच नाहीत.

मग टोचणीची अदलाबदल होते. सुरुवातीला ज्याला आवाज ऐकू येत होते तो बधिर होत जातो. रक्तात इतका आत आलोय की परत फिरणंही तेवढंच अवघड, असं स्वतः म्हणतो, फाइफचा सरदार मॅकडफ इंग्लंडला निघून गेला म्हणून त्याच्या बायकोला आणि लहान मुलांना मारून टाकतो, ज्याने काहीही साधत नाही, गादी त्याने एक इंचही पक्की होत नाही. आणि जिने पाण्याने धुऊन जाईल म्हटलं होतं ती झोपेत चालायला लागते. रात्रभर जवळ दिवा हवा असतो तिला. दासी आणि वैद्य लपून बघतात, ती हात चोळत असते, म्हणते त्या म्हाताऱ्यात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी या हाताचा वास जायचा नाही. फाइफच्या सरदाराला बायको होती, आता कुठे आहे ती, असंही म्हणते. म्हणजे मॅकडफच्या बायकोचंही ओझं हिच्याच अंगावर आलंय, ज्यात हिचा हात नव्हता. आणि शेवटी म्हणते, दार वाजतंय, चल, चल, तुझा हात दे. ती अजून त्याच रात्रीत आहे बघा, नवऱ्याला हात देतेय आणि नवरा तिथे नाहीच, तो वैद्याला विचारतो की मनाच्या आजारावर तुझ्याकडे औषध नाही का, वैद्य सांगतो की तिथे रोग्यानेच स्वतःवर उपचार करायचे असतात. ती गेल्याची बातमी येते तेव्हा तो रडतसुद्धा नाही. उद्या, उद्या आणि उद्या असं ते सगळ्यांना पाठ असलेलं बोलतो, आयुष्य म्हणजे वेड्याने सांगितलेली गोष्ट वगैरे. फार सुंदर ओळी आहेत, पण त्याच्या थोडंच आधी त्याने म्हटलेलं असतं की भीतीची चवच मी विसरून गेलोय. त्या सुंदर बोलण्याआधी हे ऐकून ठेवा.

तरी पूर्ण मेलेला नसतो तो. लढाईत मॅकडफ समोर येतो तेव्हा म्हणतो, मागे फिर, तुझ्या घरच्यांच्या रक्ताचं ओझं माझ्यावर आधीच फार झालंय. बाकी सगळ्यांशी लढला, या एकट्याला टाळत होता.

शेवटी माल्कम, डंकनचा मुलगा, राजा होतो आणि दोघांचा निकाल एका ओळीत लावतो, मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसीण राणी. त्याच्या जागी तो बरोबर आहे, त्याचा बाप मारलाय या लोकांनी. पण मला ते पटत नाही. तो त्या रात्री तिथेच कुठेतरी झोपलेला होता, त्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही, आमेन न निघाल्याचं नाही, वडिलांसारखा दिसला हे नाही, हात दे हे तर नाहीच. आपण ऐकलंय. त्यांना राक्षस म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही, आणि शेक्सपिअरलाही ते नको असणार, नाहीतर त्याने तिला झोपेत चालायला लावलंच नसतं.